गॅप, इंग्रजी आणि विकतचे अनुभवपत्र

वाचकाचा प्रश्न

परभणी जिल्ह्यातील एका खेड्यातून हे पत्र आले आहे. लिहिणारी पंचवीस वर्षांची आहे. तिने २०२१ मध्ये रसायनशास्त्र विषय घेऊन बी.एस्सी. केली, पुढची दोन वर्षे छत्रपती संभाजीनगरच्या एका अभ्यासिकेत बसून संयुक्त परीक्षेची तयारी केली, एकदा पूर्व परीक्षा पार केली, पण मुख्य परीक्षेत यश आले नाही. वडिलांच्या आजारपणामुळे २०२३ मध्ये ती गावी परतली. आता ती त्याच शहरालगतच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील औषध कंपन्यांत क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) विभागात ट्रेनी म्हणून अर्ज करते आहे. चार मुलाखती झाल्या, चारही ठिकाणी नकार आला. एकीत एचपीएलसीवर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) प्रश्न आले आणि 'इंग्रजी येत नसल्यामुळे' गप्प बसावे लागले, एकीत गॅपविषयी विचारले, एकीत लग्नाविषयी. शहरातील एका प्लेसमेंटवाल्याने बारा हजार रुपयांत एका लहान प्रयोगशाळेचे दीड वर्षाचे अनुभवपत्र देऊ केले आहे. स्पोकन इंग्लिशच्या एका क्लासची फीही जवळपास तेवढीच आहे आणि घरात यांपैकी एकाच गोष्टीपुरते पैसे आहेत. 'दोहोंपैकी काय करू?' असा तिचा प्रश्न आहे. शेवटी तिने लिहिले आहे की सध्या ती दहावीच्या मुलांची शिकवणी घेते आणि ग्रामपंचायतीने दिलेल्या किटवर गावातले पाणी तपासते, 'पण त्याला काही नोकरी म्हणता येणार नाही.'

उत्तर

तुमचे पत्र आणि सोबतचा बायोडाटा मी एकापाठोपाठ वाचला, तेव्हा दोन निराळ्या व्यक्ती माझ्यासमोर आल्या. पत्रातील व्यक्ती दर महिन्याला गावातील विहिरी, हातपंप आणि नळांच्या पाण्याचे नमुने घेते, एका बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त दिसल्यावर तीच चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करते, आणि ग्रामपंचायतीत टाळाटाळ होत असतानाही तो नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवायला लावते. बायोडाट्यातील व्यक्तीविषयी मात्र एवढेच कळते की ती कष्टाळू, वक्तशीर आणि लवकर शिकणारी आहे, तिला वाचन आणि प्रवास आवडतो, आणि तिला एचपीएलसी, जीसी व यूव्ही ही उपकरणे येतात. मुलाखत घेणाऱ्यांपुढे आजवर ही दुसरीच व्यक्ती गेली आहे. पहिलीला अजून कोणी भेटलेलेच नाही.

अनुभवपत्र घ्यावे की क्लास लावावा, या तुमच्या प्रश्नाच्या तळाशी एक समजूत आहे. आपल्यात काहीतरी मोठे उणे आहे आणि ते पैसे मोजून भरून काढता येईल, असे तुम्ही धरून चालला आहात. ही समजूत मला तुमच्याच पत्रातील मजकुरावरून बरोबर वाटत नाही, आणि म्हणून ते बारा हजार रुपये तूर्त घरातच राहू द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी इंग्रजीचे पाहू. त्या मुलाखतीत तुम्हाला कॉलम कोणता वापरला, मोबाइल फेज कोणती होती, डिटेक्टर कोणता होता, असे विचारले गेले आणि तुम्ही गप्प राहिलात. आता शांतपणे स्वतःला विचारून पाहा, हेच प्रश्न मराठीतून आले असते तर उत्तर देता आले असते का? तुम्हीच लिहिले आहे की एचपीएलसीचे यंत्र महाविद्यालयात असताना एका भेटीत, तेही दुरून, पाहिले होते. तेव्हा त्या दिवशी तुमची वाट इंग्रजीने अडवली नव्हती, बायोडाट्यातील एका ओळीने अडवली होती. बायोडाटा नेट कॅफेत मैत्रिणीच्या फाइलवरून तयार केल्याचे तुम्ही सांगता. असे पुष्कळ जण करतात आणि त्यामागे फसवण्याचा हेतू नसतो. परंतु मुलाखत घेणारा माणूस आपले प्रश्न समोरच्या कागदावरूनच काढत असतो, आणि आपण न केलेली गोष्ट त्यावर असली तर पहिला प्रश्न नेमका तिच्यावरच येतो. म्हणून बायोडाट्यातील प्रत्येक ओळीवर बोट ठेवा आणि तिच्यावर आपल्याला मराठीतून तीन-चार मिनिटे बोलता येते का ते पाहा. बोलता येत नसेल तर ती ओळ काढून टाका, किंवा खरी करून लिहा. 'एचपीएलसी : तत्त्व अभ्यासले आहे, प्रत्यक्ष हाताळणी नाही' अशी ओळ ट्रेनीच्या बायोडाट्यात कमीपणाची ठरत नाही.

हीच कसोटी त्या विकतच्या अनुभवपत्राला लावली की त्याचा फोलपणा दिसतो. दीड वर्ष प्रयोगशाळेत काम केले असे लिहिल्यावर रोज किती नमुने येत होते, पीएच मीटरचे कॅलिब्रेशन कोण करत होते, निकाल कोण तपासत होते, हे विचारले जाणारच. त्यापुढे नेमणुकीच्या वेळी पगाराच्या पावत्या, आधीच्या ठिकाणचे कार्यमुक्तीचे पत्र आणि भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक मागितला जातो. अनेक कंपन्या आधीच्या ठिकाणी फोन करून खात्रीही करतात. खोटा कागद खरा म्हणून देणे हा गुन्हा आहे, हे वेगळेच.

पण मला यापेक्षाही मोठे वाटणारे कारण तुमच्या क्षेत्राशी जोडलेले आहे. औषध कंपनीतील क्यूसी विभाग नोंदींच्या खरेपणावर उभा असतो. तेथे चुकलेला आकडा खोडरबराने पुसता येत नाही आणि त्यावर पांढरी शाईही लावता येत नाही. त्यावर एकच रेघ मारायची, जेणेकरून जुना आकडा वाचता येईल, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, आणि सही, तारीख व कारण नोंदवायचे, अशी तेथील शिस्त आहे. जे वाचन ज्या वेळी घेतले ते त्याच वेळी, घेणाऱ्यानेच नोंदवायचे असते, कारण त्या कागदाच्या भरवशावर कोणीतरी आजारी माणूस ती गोळी घेणार असतो. अशा विभागात खोट्या नोंदीच्या आधारे प्रवेश करणे म्हणजे ज्या गुणासाठी आपल्याला घ्यायचे तोच गुण पहिल्या दिवशी गमावून बसणे होय. त्या माणसाला नकार कळवा. त्याने 'नोंदणीसाठी' म्हणून तुमच्या मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या आहेत, त्या घरातील कोणाला तरी सोबत घेऊन लगेच परत आणा. नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे किंवा मूळ कागद मागणाऱ्या माणसापासून दूर राहावे, हे मी या निमित्ताने सर्वच वाचकांना सांगते.

आता ज्याला तुम्ही नोकरी म्हणता येणार नाही असे लिहिले आहे, त्या कामाकडे येऊ. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले आणि त्यात प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. तुम्ही त्या पाचजणींपैकी एक आहात, शिवाय त्या संचातील प्रत्येक बाटलीत काय घडते हे समजण्याइतके रसायनशास्त्र तुम्हाला येते. पीएच, एकूण कठीणता, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड आणि अवशिष्ट क्लोरीन यांच्या चाचण्या तुम्ही दरमहा करता आणि वहीत तारीखवार लिहिता. हे नमुना घेणे, चाचणी, वाचन, मर्यादेशी तुलना आणि नोंद असे पूर्ण चक्र आहे. क्यूसीतील ट्रेनीला पहिल्या वर्षी दुसरे काय करायचे असते?

तेव्हा बायोडाट्यात शिक्षणाच्या खालोखाल हेच येऊ द्या, साध्या इंग्रजीत, साधारण या आशयाने : '२०२३ पासून आजपर्यंत, ग्रामपंचायत स्तरावर पिण्याच्या पाण्याची तपासणी, गावातील सर्व सार्वजनिक स्रोतांचे मासिक नमुने, सहा घटकांची (नावे लिहून) चाचणी, तारीखवार नोंदवही, एका बोअरमध्ये फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने पुनर्तपासणी करून नमुना जिल्हा प्रयोगशाळेकडे पाठवला.' स्रोतांची नेमकी संख्या तुमच्या वहीत आहे, ती आकड्यातच लिहा. मानधन मिळते की नाही हे लिहिण्याची गरज नाही, मात्र विचारले तर जे आहे ते सांगावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडून) या कामाचे दोन ओळींचे पत्र, सही-शिक्क्यासह, मागून घ्या. तुमच्या कष्टाचे ते खरे अनुभवपत्र असेल आणि त्यासाठी एक रुपयाही लागणार नाही.

बायोडाट्याच्या बाकीच्या भागावर फार वेळ घालवू नका. एक पान पुरते. नाव, मोबाइल क्रमांक, स्वतःच्या नावाचा साधा ईमेल, पदवी व बारावी वर्ष आणि टक्केवारीसह, प्रत्यक्ष हाताने केलेल्या प्रयोगांची यादी, एमएससीआयटी, भाषा. 'आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीस हातभार लावणे' हे ध्येयवाक्य, स्वभावाची विशेषणे, छंद, वडिलांचा व्यवसाय, जात, धर्म आणि वैवाहिक स्थिती हे सगळे काढता येईल. शिकवणीची एक ओळ राहू द्या. फाइल पीडीएफ करून तिला स्वतःचे नाव द्या आणि पाठवण्यापूर्वी मोबाइलवर उघडून पाहा, कारण वाचणाराही बहुधा मोबाइलवरच वाचणार आहे.

गॅपविषयी तुमच्या मनात जी धास्ती आहे तिच्यातला काही भाग खरा आहे, आणि तो मी लपवणार नाही. काही कंपन्या वॉक-इनच्या जाहिरातीतच अमुक वर्षाचे पासआऊट असे लिहितात आणि तेथे २०२१ चा उमेदवार दारातूनच परत येतो. ते दार खोट्या कागदाने उघडण्यापेक्षा सोडून देणे बरे. जेथे तुम्हाला आत बोलावले जाते, तेथे मात्र समोरच्याला त्या दोन रिकाम्या वर्षांची चिंता फारशी नसते. मराठवाड्यात स्पर्धा परीक्षेत दोन-चार वर्षे दिलेले उमेदवार त्याच्यासमोर रोज येतात. त्याची चिंता पुढची असते. आपण हिला सहा महिने शिकवले आणि नवी जाहिरात निघताच ही राजीनामा देऊन पुन्हा अभ्यासिकेत गेली तर काय, हे त्याला जाणून घ्यायचे असते. या प्रश्नाचे उत्तर मुलाखतीआधी स्वतःपाशी ठरलेले हवे. अजूनही एका सरळसेवा भरतीचा अर्ज भरून ठेवल्याचे तुम्ही लिहिले आहे. त्यात गैर काही नाही आणि आपण होऊन ते सांगण्याची गरजही नाही, पण थेट विचारले तर नाकारू नका. तुम्ही खरोखर थांबायचे ठरवले असेल तर ते ठामपणे सांगता येते, आणि ठरवले नसेल तर शब्द कितीही पाठ केले तरी आवाजातून ते समोरच्याला कळते. उत्तर लांबवू नका. 'पदवीनंतर दोन वर्षे संयुक्त परीक्षेची तयारी केली, एकदा पूर्व परीक्षा उत्तीर्ण झाले, मुख्य परीक्षेत निवड झाली नाही. वडिलांच्या आजारपणामुळे २०२३ मध्ये गावी आले आणि तेव्हापासून पाणी तपासणीचे काम करते. हे काम करताना प्रयोगशाळेतच पुढे जायचे असे ठरवले.' एवढे पुरे. अपयशाबद्दल क्षमा मागण्याचा सूर त्यात नसावा.

तयारीचा खरा वेळ विषयाला द्या, कारण ट्रेनीला विचारले जाणारे बहुतेक प्रश्न बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांतलेच असतात. मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटी यांतला फरक उदाहरण सोडवून सांगता यावा. सोडियम हायड्रॉक्साइड हे प्राथमिक प्रमाण द्रव्य का नाही, हे ठाऊक असावे : ते हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, म्हणून त्याचे द्रावण पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने प्रमाणित करावे लागते. ब्युरेटचे वाचन डोळ्यांच्या रेषेत कसे घेतात, पीएच मीटर कोणत्या बफरवर लावतात, बिअर-लॅम्बर्टचा नियम काय सांगतो, क्यूए (गुणवत्ता हमी) आणि क्यूसी यांच्या कामात फरक काय, औषध निर्मितीच्या चांगल्या पद्धतींविषयीचे शेड्यूल एम म्हणजे काय, हेही पाहून ठेवा. जे ठाऊक नाही तेथे अंदाज ठोकू नका. 'हे मी केलेले नाही. तत्त्व माहीत आहे, ते सांगू का?' असे विचारणारा उमेदवार शिकवण्याजोगा वाटतो.

आणि संभाषण आपल्या अंगणात आणण्याची संधी शोधा. 'स्वतःविषयी सांगा' हा प्रश्न बहुधा पहिलाच येतो, त्यात नाव, गाव आणि पदवी दोन वाक्यांत आटोपून पाणी तपासणीवर या. मग फ्लोराइडचा प्रसंग क्रमाने सांगा. नमुना कोठून घेतला, संचातील द्रावण घातल्यावर आलेला रंग पट्टीशी ताडून पाहिला तेव्हा काय दिसले, भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १.० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत आहे, तुमचे वाचन त्याच्या वर होते, म्हणून दुसऱ्या दिवशी नवा नमुना घेऊन पुन्हा तपासले, तरी किटचे वाचन ढोबळ असते हे ओळखून पक्क्या निकालासाठी प्रयोगशाळेकडे पाठवले. येथे पुढचा प्रश्न 'पुन्हा का तपासले?' असाच येईल. त्याचे उत्तर तुमच्याजवळ आहे, कारण त्या दिवशी तुम्ही ते स्वतःच्या बुद्धीने केले होते. मर्यादेबाहेरचा निकाल आला की घाबरून तो दडपायचा नाही आणि तपासल्याशिवाय खराही मानायचा नाही, ही क्यूसीतील अत्यंत मोलाची सवय आहे.

या प्रसंगाचा सराव मोबाइलवर रेकॉर्ड करून करा, आधी मराठीत आणि मग तोडक्यामोडक्या इंग्रजीत. इंग्रजी अजिबात नको असे मी म्हणत नाही. औषध कंपनीत कामाच्या पद्धतीचे कागद आणि नोंदवह्या इंग्रजीत असतात, ते वाचता आणि भरता आलेच पाहिजेत. परंतु त्या इंग्रजीचा आवाका लहान आहे, आणि 'नमुना घेतला, द्रावण तयार केले, वाचन नोंदवले' अशी वाक्ये तुम्ही प्रात्यक्षिकाच्या वहीत तीन वर्षे लिहिली आहेत. ती वही काढून रोज एक प्रयोग मोठ्याने वाचा, मग वही मिटून सांगा. मुलाखतीत अडखळलात तर 'हे मी मराठीत सांगू का?' असे विचारण्यास संकोच करू नका. काही ठिकाणी नाही म्हणतील, पण तांत्रिक प्रश्न विचारणाऱ्या वरिष्ठाला उत्तरातील आशय हवा असतो.

लग्नाचा प्रश्न अन्यायाचा आहे. तुमच्या बरोबरीच्या मुलाला तो विचारला जात नाही, म्हणून त्याने तुम्हाला राग आला असेल तर तो रास्तच आहे. तरी त्या खुर्चीत बसून वाद घालण्यापेक्षा, 'मला या क्षेत्रात टिकून काम करायचे आहे आणि घरच्यांचा त्याला पाठिंबा आहे' असे सांगून बोलणे कामाकडे वळवावे. अर्थात हे वाक्य खरे असायला हवे, म्हणून राहण्याची सोय आणि शिफ्ट यांविषयी आईवडिलांशी आधीच बोलून घ्या. 'तुम्हाला काही विचारायचे आहे का?' असे शेवटी विचारले की शिफ्टच्या वेळा, कंपनीची बस आणि प्रशिक्षणाचा काळ याविषयी जरूर विचारा. मुलाखतीचे ठिकाणही नीट पाहून निघा. जालन्याकडून येताना शेंद्रा शहराच्या आधी लागते, वाळूज मात्र शहर ओलांडून पुण्याच्या रस्त्यावर आहे, आणि हा फरक सकाळच्या घाईत तास-दीड तासाचा होऊ शकतो.

ज्यांचे शिक्षण निराळे आहे पण अडचण हीच आहे, त्यांनीही असाच शोध घ्यावा. बी.कॉम. झालेल्या मुलीने बचत गटाचे हिशेब ठेवले असतील, डिप्लोमा झालेल्या मुलाने मामाच्या गॅरेजमध्ये पंपसेट दुरुस्त केले असतील. पगाराची पावती नाही म्हणून ते काम झालेच नाही, असे समजू नये.

राहता राहिला अर्ज कोठे करायचे हा प्रश्न. औषध कंपन्यांच्या क्यूसीत एम.एस्सी. आणि बी.फार्म. झालेल्यांशी तुमची स्पर्धा आहे, म्हणून सगळी भिस्त त्या एका पदावर ठेवू नका. त्याच कंपन्यांतील उत्पादन विभाग बी.एस्सी. केमिस्ट घेतो आणि तेथून पुढे बदल मागता येतो. पाणी आणि अन्न तपासणाऱ्या, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळांत तुमची नोंदवही सर्वांत जास्त बोलेल, तेव्हा सुरुवात तेथून करा. जालन्यातील पोलाद कारखान्यांना आणि बियाणे कंपन्यांनाही प्रयोगशाळेत माणसे लागतात. केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर आणि राज्याच्या महास्वयं पोर्टलवर नाव नोंदवा. पदवीधरांना विद्यावेतनासह कामाचा खरा अनुभव तेथून मिळू शकतो. साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळाही आहेत, जेथे रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण) आणि पोल (साखरेचे प्रमाण) तपासायला हंगामापुरते केमिस्ट घेतले जातात. काम पाळ्यांचे असते आणि तेथे मुली अजून कमी दिसतात, त्यामुळे घरापासून ये-जा होईल असाच कारखाना निवडा. गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, म्हणून चीफ केमिस्टच्या नावे अर्ज पावसाळ्यातच, पोळ्याच्या सुमारास, स्वतः नेऊन द्यावा आणि सोबत पाण्याच्या नोंदवहीतील दोन-तीन पानांच्या झेरॉक्स जोडाव्यात.